चेंडू डावीकडे जातो, दोष स्विंगचा की लायचा?

आयर्नच्या (धातूच्या सपाट डोक्याच्या गोल्फ क्लबच्या) लाय अँगलबद्दल आलेले वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गोल्फमध्ये 'लाय' हा शब्द दोन अर्थांनी येतो. चेंडू गवतात कसा पडला आहे, तोही लायच. इथे तो अर्थ नाही. आयर्नच्या फेसवरच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या) आडव्या रेघा जमिनीला समांतर धरल्या की शाफ्ट (क्लबची दांडी) जमिनीशी जो कोन करतो, तो लाय अँगल. कोन मोठा असेल तर क्लब 'अप्राइट', लहान असेल तर 'फ्लॅट'. सगळी उत्तरे उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून दिली आहेत. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलटे वाचावे, टो (क्लबच्या डोक्याचे बाहेरचे टोक) आणि हील (शाफ्टकडचे टोक) मात्र तशीच ठेवावीत.

प्रश्न : पिचिंग वेज आणि नऊ नंबर नेहमी डावीकडे जातात. सात नंबर थोडा डावीकडे जातो, पाच नंबर जवळजवळ सरळ. कोच म्हणतात, फेस बंद होतोय, म्हणजे चेंडू लागताना डावीकडे वळतोय. पण मग सगळेच क्लब डावीकडे जायला हवेत ना?

तुमची शंका योग्य आहे. लॉफ्ट (फेस मागे झुकण्याचा कोन; पिचिंग वेजमध्ये तो पाच नंबरपेक्षा जास्त) जास्त असलेल्या क्लबने चेंडू जास्त डावीकडे जातो आणि लॉफ्ट कमी होत जाईल तशी चूक कमी होते, ही लाय चुकल्याची सगळ्यात ठळक खूण. तुमचे आयर्न तुमच्या स्विंगसाठी अप्राइट आहेत, म्हणजे चेंडू लागतो त्या क्षणी टो वर राहतो आणि हील जमिनीला टेकते, असा संशय घ्यायला पूर्ण जागा आहे.

कारण हातात वही घेऊन पाहता येते. वही समोर उभी धरा, पान निशाणाकडे. आता उजवी बाजू थोडी वर उचला. वही तिरकी झाली, पण पान अजून निशाणाकडेच बघते आहे. आता वही मागे झुकवा, साधारण पिचिंग वेजच्या लॉफ्टइतकी, आणि पुन्हा उजवी बाजू तेवढीच उचला. या वेळी पान डावीकडे वळलेले दिसेल. वही जेवढी मागे झुकलेली, तेवढे हे वळणे जास्त. टो वर राहिल्यावर फेसचे नेमके हेच होते. टो खाली गेला तर फेस उजवीकडे बघतो.

आकड्यांत सांगायचे तर ४६ अंश लॉफ्टच्या पिचिंग वेजमध्ये लाय एक अंश चुकला की फेसची दिशा सुमारे एक अंश बदलते. १२० यार्डांवर हा फरक दोन यार्डांहून थोडा जास्त होतो. ३३ अंशांच्या सात नंबरात तेवढ्याच चुकीने दिशा सुमारे ०.६५ अंश हलते, म्हणजे १५० यार्डांवर पावणेदोन यार्डांच्या आसपास. २२ अंशांच्या चार नंबरात हीच चूक ०.४ अंशांची, १८० यार्डांवर सव्वा यार्ड. प्रत्यक्ष मारताना हात चेंडूच्या पुढे असतात, लॉफ्ट थोडा कमी होतो, म्हणून खरे आकडे यापेक्षा किंचित लहान येतात. एक अंशासाठी कुणी झोप उडवून घेऊ नये. पण तीन अंश चुकलेला पिचिंग वेज चांगला बसलेला शॉटही झेंड्यापासून सहा यार्ड बाजूला टाकतो, आणि खेळणारा बिचारा स्विंगमध्ये दोष शोधत राहतो.

कोचचे म्हणणे तपासायचे असेल तर चेंडूचा मार्ग बघा. हातांनी फेस बंद होत असेल तर लांब आयर्नही डावीकडे जातात, आणि हवेत त्यांचा चेंडू छोट्या आयर्नपेक्षा जास्त वळतो. लायची चूक असेल तर चेंडू सुरुवातीपासूनच डावीकडे निघतो आणि थोडासाच वळतो. फेसच्या मधोमध लागलेले शॉटच हिशेबात धरा. टोवर किंवा हीलवर लागलेल्या शॉटवरून काहीच ठरवता येत नाही.

प्रश्न : उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून मला '२ अंश अप्राइट' असे सांगितले आहे. एवढ्यावर सेट घ्यावा का?

सुरुवातीला हाताशी धरायला तो आकडा चांगला आहे, त्यावर शिक्का मारू नका.

मोजमाप नीट झाले होते का ते आधी पाहा. खेळताना वापरता तेच बूट घालून ताठ उभे राहायचे, खांदे सैल, हात बाजूला सरळ सोडलेले. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप. खाली वाकून स्वतःच मोजायला गेलात तर खांदा उतरतो आणि आकडा दोन-तीन सेंटीमीटर कमी येतो, म्हणून दुसऱ्याकडून मोजून घ्या. नुसत्या उंचीवरून लाय का ठरवत नाहीत, तेही यातच आले. १७५ सेंटीमीटर उंचीच्या दोन माणसांपैकी एकाचे मनगट जमिनीपासून ८३ सेंटीमीटरवर असेल आणि दुसऱ्याचे ९१ वर, तर लांब हातांच्या पहिल्याला फ्लॅट आणि दुसऱ्याला अप्राइट क्लब लागण्याचा संभव जास्त.

आता हे पुरे का नाही, ते पाहू. क्लब चेंडूमागे ठेवता तेव्हाची तुमची ठेवण आणि चेंडू लागतानाची ठेवण एक नसते. मारताना शरीर निशाणाकडे उघडते, हात सुरुवातीपेक्षा थोडे वर येतात, आणि हात वर गेले की टो खाली जातो. दुसरे कारण शाफ्टचे. क्लबहेडचे वजन शाफ्टच्या रेषेत नसते, टोच्या बाजूला असते. वेगाने खाली येताना ते वजन शाफ्टला खालच्या बाजूने वाकवते आणि टो आणखी खाली उतरतो. फिटर (खेळाडूला क्लब बसवून देणारे) याला 'ड्रूप' म्हणतात. लांब आणि लवचीक शाफ्टमध्ये ड्रूप जास्त, आखूड आणि कडक शाफ्टमध्ये कमी. म्हणून उभे राहिल्यावर टोखाली एखादे नाणे सरकेल एवढी फट दिसणे हे बहुतेकांच्या बाबतीत बरोबर असते. आरशात बघून सोल (हेडचा तळ) जमिनीला सपाट लावून घेणारे लोक मारताना टो रुतवतात.

'२ अंश अप्राइट' हा शब्दप्रयोगही अपुरा आहे. कशापेक्षा दोन अंश? सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेला एकच 'स्टँडर्ड' लाय अस्तित्वात नाही. एका कंपनीचा सात नंबर ६२ अंशांचा असतो, दुसरीचा ६३ चा. पिंग कंपनी ठिपक्यांचे रंग वापरते. काळा ठिपका तिचा स्टँडर्ड, लाल फ्लॅटच्या बाजूचा, निळा अप्राइटच्या बाजूचा. पण तो काळा ठिपका म्हणजे दुसऱ्या कंपनीचाही स्टँडर्ड, असे धरून चालू नका. फिटरला सात नंबरचा लाय थेट अंशांत लिहून मागा. '६४ अंश' या आकड्याचा अर्थ कुठेही एकच होतो.

प्रश्न : लाय बोर्डवर चाचणी कशी करतात? घरच्या घरी करता येईल का?

येईल, मात्र दोन-तीन बारकावे सुटले की चाचणी उलटी फसवते.

लाय बोर्ड म्हणजे कठीण प्लास्टिकची सपाट पाटी. सात नंबरच्या सोलवर टोपासून हीलपर्यंत इम्पॅक्ट टेप चिकटवायची, चेंडू पाटीवर ठेवायचा आणि नेहमीच्या पूर्ण स्विंगने मारायचा. सोल पाटीला जिथे घासतो तिथे टेपवर खूण उमटते. खूण मधोमध असेल तर लाय बरोबर. टोच्या बाजूला असेल तर टो खाली जातो आहे, क्लब अप्राइट करायला हवा. हीलच्या बाजूला असेल तर क्लब फ्लॅट करायला हवा.

पहिला बारकावा, पाटीची जाडी. पाटी एक सेंटीमीटर जाड आणि तुम्ही मात्र खाली मॅटवर उभे असाल, तर चेंडू तुमच्या पायांपेक्षा एक सेंटीमीटर उंच झाला. एवढ्यानेसुद्धा क्लब सुमारे एक अंश अप्राइट असल्यासारखा वागतो. म्हणून पायही तेवढ्याच उंचीवर हवेत. पायांखाली तेवढ्याच जाडीची फळी घ्या किंवा उभे राहता येईल एवढी मोठी पाटी वापरा. बुटांच्या सोलचेही हेच गणित, फक्त उलट दिशेने. रोजच्यापेक्षा जाड बूट घालून चाचणी दिली तर टो खाली गेल्यासारखी खूण येते.

दुसरा, कठीण पाटी बघून बहुतेक जण शॉट चोरतात. मनगटाला झटका बसेल या भीतीने शरीर वर उचलतात आणि चेंडू नुसता टिपून घेतात. त्या स्विंगची खूण तुमच्या खऱ्या स्विंगची नव्हे. पहिले तीन-चार शॉट टेप न लावता मारा, हात सैल झाले की टेप लावा. मग पाच-सहा शॉट मारून खुणा बघा. सगळ्या एकाच जागी पडत असतील तर त्यावर निर्णय घ्या. एक टोवर, एक हीलवर असे चालले असेल तर लायचा विषय तूर्त बाजूला ठेवा, कारण स्विंगच दर वेळी वेगळा येतो आहे.

तिसरा बारकावा अंशांचा. 'खूण पाव इंच सरकली म्हणजे एक अंश' असा नियम बरेच जण तोंडपाठ म्हणतात. सोल टोपासून हीलपर्यंत किती गोलाईचा आहे त्यावर हे अवलंबून असते. गोलाई जास्त असेल तर एका अंशाला खूण थोडीच सरकते. सोल सपाटीकडे झुकणारा असेल तर तेवढ्याच चुकीला खूण पार कडेला जाते. म्हणून खुणेवरून फक्त दिशा घ्या. एक अंश वाकवून पुन्हा मारा, खूण किती सरकली ते मोजा, आणि मग त्याच क्लबच्या हिशेबाने उरलेले ठरवा.

प्रश्न : चेंडूवर मार्करने रेघ ओढून लाय तपासतात असे ऐकले. ही पद्धत बोर्डपेक्षा बरी का?

घरी करणाऱ्यासाठी बरी. सोल जमिनीला केव्हा घासला हे बोर्डावरून कळत नाही. चेंडू लागण्याआधीच घासला असेल तरी खूण तशीच उमटते. रेघ मात्र चेंडू आणि फेस भिडतात त्या क्षणाची असते, आणि ती साध्या गवतावर किंवा मॅटवर करता येते.

पांढऱ्या फळ्यावर वापरतात तो पुसला जाणारा मार्कर घ्या. चेंडूवर जाड, सरळ रेघ ओढा. रेघ वाळायच्या आत चेंडू असा ठेवा की रेघ क्लबच्या फेससमोर येईल आणि अगदी उभी असेल. रेघ ठेवतानाच तिरकी राहिली तर सगळे वाया, तेव्हा मागे दोन पावले सरून खात्री करा. फेस कोरडा आणि स्वच्छ हवा. मारा आणि फेस बघा, शाई तिथे उतरलेली असेल.

फेसवरच्या आडव्या खाचा जमिनीला समांतर धरून ती रेघ पाहा. खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. रेघेचे वरचे टोक टोच्या बाजूला झुकले असेल तर टो वर होता, क्लब तुमच्यासाठी अप्राइट आहे. वरचे टोक हीलकडे झुकले असेल तर क्लब फ्लॅट आहे. हे पहिल्यांदा उलटे वाटते, म्हणून एकदा क्लब हातात धरून टो वर-खाली करून पाहा म्हणजे पक्के बसते. रेघ थोडी फासली जाते, तेव्हा कोनमापक लावून अर्धा अंश शोधू नका. पाच चेंडूंपैकी चार रेघा एकाच बाजूला झुकल्या तर दिशा पक्की.

फिटरकडे फेसवर ठिपके चिकटवून कॅमेऱ्याने क्लब टिपणारा लाँच मॉनिटर असेल तर तो त्या क्षणाचा लाय अंशांतच दाखवतो. ती सोय मिळत असेल तर जरूर घ्या.

प्रश्न : माझ्या डिव्हॉटमध्ये (क्लबने माती उडून पडलेल्या खड्ड्यात) टोची बाजू खोल दिसते. क्लब फ्लॅट समजायचा का?

एकट्या डिव्हॉटवरून नाही. डिव्हॉट चेंडू गेल्यानंतर पडतो, तोवर क्लब फिरलेला असतो. जमीन एका बाजूला जरा मऊ किंवा उतरती असली तरी असाच दिसतो. रेघेची चाचणीही तेच सांगत असेल तर माना.

प्रश्न : मी उंच असल्याने आयर्न अर्धा इंच लांब करून घेतले. आता चेंडू डावीकडे जातो. दोन्हींचा संबंध आहे?

आहे, आणि हे लांबी वाढवतानाच सांगायला हवे होते. हातांची उंची तीच राहिली आणि शाफ्ट लांबला की हेड पुढे सरकते आणि टो वर उचलला जातो. अर्धा इंच लांबीला सुमारे एक अंश अप्राइट, हा कामचलाऊ हिशेब बहुतेक फिटर धरतात. आखूड केल्यावर उलट होते. उंच माणसाला कधी कधी लांब आणि अप्राइट दोन्ही हवे असते, त्याचे लांबीनेच भागून जाते. तुमच्या बाबतीत ते जास्त झालेले दिसते. आयर्न एक अंश फ्लॅट करून बघा.

म्हणूनच फिटिंगचा क्रम बदलू नका. आधी लांबी, मग शाफ्टचे वजन आणि कडकपणा, मग ग्रिपची जाडी, आणि लाय सगळ्यात शेवटी. लाय आधी ठरवून नंतर शाफ्ट बदलला तर ड्रूप बदलतो, आणि केलेले काम पुन्हा करावे लागते.

प्रश्न : लाय वाकवताना क्लब मोडतो का? कुठले आयर्न किती वाकतात?

मोडू शकतो. पण बहुतेक मोडतोड धातू न ओळखता जोर लावल्याने होते.

फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न मऊ कार्बन स्टीलचे असतात आणि सहज वाकतात. दोन-तीन अंश त्यांना जड जात नाहीत. ४३१ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे कास्ट (ओतीव) आयर्न दोन अंशांपर्यंत साधारण चांगली साथ देतात. १७-४ हे स्टेनलेस खूप कडक. ते वाकवताना स्प्रिंगसारखे परत येते आणि जोर वाढवत गेले की होझेलपाशी (शाफ्ट बसतो त्या हेडच्या नळीपाशी) तडकते. तिथे एक अंशावर थांबणे शहाणपणाचे, तेही निर्मात्याची परवानगी असेल तर. पोकळ अंगाचे, पातळ फेसचे 'डिस्टन्स' आयर्न बाहेरून कितीही दणकट दिसले तरी त्यांच्या मॉडेलची मर्यादा निर्मात्याकडून विचारल्याशिवाय मशीनवर चढवू नयेत. काही कास्ट आयर्नच्या होझेलच्या मुळाशी छोटी खाच ठेवलेली असते. ती वाकवण्यासाठीच असते.

काम कसे होते ते माहीत असले तर फिटरसमोर उभे राहून योग्य प्रश्न विचारता येतात. हेड मशीनच्या शिकंजात घट्ट बसवतात. खाचा गेजच्या रेषेला समांतर आहेत हे आधी पाहायचे, कारण हेड शिकंजात अर्धा अंश तिरके बसले तर पुढचे प्रत्येक माप अर्धा अंश खोटे. मग लॉफ्ट आणि लाय दोन्ही मोजून लिहायचे. लाय वाकवताना बार (वाकवण्याचा दांडा) जरा तिरका धरला तर लॉफ्टही बदलतो, म्हणून दोन्ही आकडे हवेत. बार होझेलवरच बसवायचा, शाफ्टवर नाही. झटका न देता एकसारखा दाब द्यायचा. धातू थोडा परत येतो, म्हणून हव्या त्या आकड्याच्या किंचित पुढे न्यायचे, सोडायचे, पुन्हा मोजायचे. एकदम तीन अंश ओढण्यापेक्षा अर्ध्या-एक अंशाच्या टप्प्यांनी जाणे बरे.

सगळ्यात वाईट म्हणजे पुढे-मागे वाकवणे. तार दोन्ही बाजूंना वाकवत राहिले की तुटते, होझेलचेही तेच. 'आधी दोन अंश अप्राइट करून बघू, नाही जमले तर परत आणू' हा विचार कास्ट आयर्नवर करू नका. चाचणी पक्की झाल्यावर एकाच दिशेने वाकवा.

ग्रॅफाइट शाफ्ट असला तरी आयर्न वाकवता येतात, फक्त बारचे टोक शाफ्टला टेकता कामा नये. टेकले तर तंतू दबतात आणि शाफ्ट पुढे कधी तरी मैदानावर तुटतो. कडक स्टील मऊ व्हावे म्हणून होझेल तापवण्याचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे क्लब परत घ्या. शाफ्टला धरून ठेवणारा इपॉक्सी उष्णतेने सुटतो आणि हेड सैल होते.

प्रश्न : फक्त सात नंबरवर चाचणी करून सगळा सेट तेवढाच वाकवावा का?

बहुतेकदा चालते. तरी पाच नंबर आणि पिचिंग वेज यांच्यावरही रेघेची चाचणी करा. लांब आयर्नमध्ये ड्रूप जास्त, म्हणून तिथे अर्धा अंश वेगळा लागू शकतो.

त्याआधी सध्याचे सगळे आकडे मोजून घ्या. कारखान्यातून आलेल्या नव्या सेटमध्येही एखादा क्लब एक अंश इकडे-तिकडे असतो. लाय साधारणपणे दर क्लबला अर्ध्या अंशाने वाढत जातो, उदाहरणार्थ चार नंबर ६१, पाच ६१.५, सहा ६२, सात ६२.५, आठ ६३, नऊ ६३.५, पिचिंग वेज ६४. आता सहा ६३ वर आणि सात ६२ वर सापडला, तर 'सगळ्यांना एक अंश' दिल्याने ती गडबड तशीच पुढे जाते. प्रत्येक क्लब त्याच्या ठरलेल्या आकड्यावर आणायचा. सहा नंबर मनासारखा जातो आणि सात कधीच जात नाही, या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते.

प्रश्न : वेज आणि पटरचाही (चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याच्या क्लबचाही) लाय बघावा लागतो का?

वेजचा नक्की बघावा. ५६ अंशांच्या वेजमध्ये एक अंश लाय चुकला की फेस दीड अंश वळतो, म्हणजे ८० यार्डांवर दोन यार्ड. लोक आयर्न वाकवून घेतात आणि सर्वांत जास्त परिणाम होणारे वेज तसेच ठेवतात, हे फार खटकते. वेजची चाचणी मात्र तुम्ही तो जसा मारता तशाच स्विंगवर करा. अर्ध्या स्विंगमध्ये हात खाली राहतात आणि ड्रूपही कमी असतो, त्यामुळे पूर्ण स्विंगवर बरोबर ठरलेला लाय तिथे अप्राइट वाटतो. ५६ आणि ६० अंशांचे वेज प्रामुख्याने अर्ध्या स्विंगने किंवा फेस उघडून मारणाऱ्याला ते पिचिंग वेजपेक्षा एखादा अंश फ्लॅट ठेवलेले आवडतात.

पटरचा लॉफ्ट तीन-चार अंशांचाच, त्यामुळे दोन अंश चुकलेल्या लायने फेस जेमतेम ०.१ अंश वळतो. तिथे लाय बघायचा तो टो किंवा हील गवतात अडकू नये आणि डोळे चेंडूवर नीट यावेत म्हणून. नियमांनुसार पटरचा शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला असावा लागतो, म्हणजे लाय ८० अंशांच्या पुढे नेता येत नाही.

प्रश्न : माझा चेंडू उजवीकडे स्लाइस होतो, म्हणजे हवेत वळतो. आयर्न अप्राइट केले तर सरळ जाईल का?

सोलची खूण किंवा चेंडूची रेघ 'क्लब फ्लॅट आहे' असे सांगत असेल तरच अप्राइट करा. स्लाइस होतो तो स्विंगच्या वाटेच्या मानाने फेस उघडा (उजवीकडे वळलेला) राहिल्यामुळे. अप्राइट केल्याने छोटे आयर्न थोडे डावीकडून निघतील, पण वळण राहीलच. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारण्याच्या क्लबला) तर काहीच उपयोग नाही. १० अंश लॉफ्टवर एका अंशाने दिशा ०.२ अंशही हलत नाही. शिवाय हील आधी जमिनीत रुतू लागली की नवेच दुखणे सुरू होते.

शिकण्याच्या सुरुवातीला असाल तरी चाचणी करायला हरकत नाही. तीन-चार अंश चुकलेला क्लब घेऊन शिकणारा माणूस त्या क्लबला जमेल असा स्विंग शिकतो. फक्त अशा वेळी दोन अंशांच्या आतच बदल करा, कारण वर्षभरात हातांची उंची बदलेल.

प्रश्न : चाचणी करून आयर्न दोन अंश फ्लॅट केले. आधी डावीकडे जाणारा चेंडू आता उजवीकडे जातो! फिटिंग चुकले का?

लगेच तसे धरू नका. अप्राइट क्लबने चेंडू डावीकडे जातो हे हातांना कळलेले असते, आणि ते नकळत फेस थोडा उघडा ठेवू लागतात. क्लब बरोबर झाला तरी हातांची सवय जुनीच राहते, म्हणून चेंडू उजवीकडे. आधी रेघेची चाचणी पुन्हा करा. रेघ खाचांना काटकोनात येत असेल तर क्लबला हात लावू नका आणि काही आठवडे सरावात फक्त चेंडू कुठून निघतो ते बघत राहा. उजवीकडचा कल हळूहळू कमी व्हायला हवा. रेघेचे वरचे टोक आता हीलकडे झुकलेले दिसले तर मात्र फ्लॅट जास्त झाले. अशा वेळी एका अंशाने परत आणा, फोर्ज्ड असतील तर सहज, कास्ट असतील तर फिटरला आधीची सगळी वाकवणी सांगून.

आणखी एक शक्यता तपासा, लॉफ्ट. लाय फ्लॅट करताना तो बदलला असेल तर अंतरेही बिघडलेली असतील. नऊ आणि आठ नंबरच्या अंतरांत पूर्वीइतकी फट राहिली आहे का ते बघा. लॉफ्ट एक अंश कमी झाला की सोलचा बाउन्सही (सोलची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असण्याचा कोन) एक अंश कमी होतो आणि क्लब जमिनीत जास्त घुसतो.

फिटरकडून प्रत्येक आयर्नचे आधीचे आणि नंतरचे लॉफ्ट-लाय एका कागदावर लिहून घेतले नसतील तर आता घ्या. फोर्ज्ड आयर्न कडक मॅटवर सतत मारल्याने सावकाश सरकतात. वर्षाने मोजाल तेव्हा क्लब बदलला की स्विंग, हे त्या कागदावरूनच कळेल.